पेठच्या डोंगरात तोंड मिटून

नाशिकहून पेठ काही लांब नाही. सकाळी चहा घेऊन निघालं तर दुसऱ्या चहाच्या वेळेला माणूस तिथे पोचलेला असतो. त्यामुळे या प्रवासावर लिहायचं म्हणजे शेजारच्या घरी जाऊन आल्याची हकीगत लिहिण्यासारखं आहे, असं दिलीप म्हणाला. दिलीप माझा नवरा. तो अंबडच्या कारखान्यात आहे आणि त्या शनिवार-रविवारी नेमकी त्याची पाळी होती, म्हणून तो आला नाही. न आलेल्या माणसाने बोलू नये. मी गेले, राहिले, आणि आजवर ज्या रस्त्याने फक्त पावसाळ्यात भजी खायला जायचे, त्या रस्त्याच्या पलीकडे काय चालतं ते पाहून आले.

जाण्याचं कारण आमची मुलगी ऋजुता. ती तेरा वर्षांची आहे आणि डोंगरात सायकल चालवते. म्हणजे रस्त्याने डोंगरापर्यंत नव्हे, खुद्द डोंगरात, दगडगोट्यांतून, झाडांच्या मुळांवरून. जाड खाचांची चाकं, पुढे धक्के गिळणारे दोन दांडे, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पट्टे. नऊवारी नेसायला मला लागतो त्याहून जास्त वेळ तिला तयार व्हायला लागतो. पेठच्या बाजूला एका पाड्याजवळ मुलामुलींची शर्यत होती. शनिवारी सराव आणि रविवारी शर्यत. पालकांनी बरोबर यायचं होतं, आणि राहायची सोय पाड्यावरच्या घरांमध्ये होती. पाड्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या जोडसुट्टीला अर्धं नाशिक तिथे उतरेल.

आता मुख्य अडचण सांगते. ती अडचण म्हणजे मी.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. समोरचं मूल चुकतंय असं दिसलं की माझ्या तोंडून सूचना बाहेर पडते, त्यावरच माझं घर चालतं. गेल्या सराव शर्यतीत शहराबाहेरच्या टेकडीवर मी कडेकडेने पळत "ब्रेक दाब! ब्रेक दाब!" असं ओरडले. ऋजूने ब्रेक दाबला आणि ती हँडलवरून पुढे पडली. ती पडली ती ब्रेकमुळे, माझ्यामुळे नाही, असं माझं आजही मत आहे. ऋजूचं मत वेगळं आहे. पेठला निघायच्या आधी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि शांतपणे सांगितलं, "आई, या वेळी तू ये. पण शर्यत चालू असताना एक शब्दही बोललीस ना, तर पुढच्या वेळेपासून मी नेहाताईंच्या जीपमधून एकटी जाईन."

नेहाताई म्हणजे तिच्या प्रशिक्षक. त्यांच्या जीपमध्ये जागा आहे हे मला माहीत होतं. ही मुलगी उगाच धमकी देत नाही, हेही माहीत होतं. तेरा वर्षांच्या मुलीबरोबर दोन दिवस मिळतात ते अशाच निमित्ताने. घरी तिचं दार बंद असतं. मी म्हटलं, "एक शब्दही नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ."

शनिवार, घाटातून

तयारीचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात माझी शोभा आहे. पालकांच्या ग्रुपवर नेहाताईंनी कळवलं होतं की सामान कमी आणा. मी कमीच आणलं होतं. दशम्या, लसणीची चटणी, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, पोह्यांचं सगळं सामान सुटं करून, गरम पाण्याची पिशवी, हळद, बँडेज, जास्तीचे मोजे, त्याहून जास्तीचे मोजे. सायकल पुढचं चाक काढून मागच्या सीटवर आडवी झोपवली तेव्हा कळलं की ऋजूला बसायला जागाच नाही. ती चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसली आणि डब्याकडे बघून म्हणाली, "आपण शर्यतीला चाललोय की लग्नाला?"

पेठ रस्त्याला शहर सुटलं की थोडा वेळ द्राक्षबागा सोबत करतात. छाटणी होऊन नवे फुटवे आले होते आणि ट्रॅक्टरमागून औषधाचं धुकं उडत होतं. मग हळूहळू बागा मागे पडल्या आणि रस्ता वर चढायला लागला. सावळघाटात मी गाडी जपून चालवत होते आणि ऋजू बाहेर बघत होती. मला वाटलं ती देखावा बघतेय. मीही बघितलं. खुरासणीच्या पिवळ्याधमक फुलांनी उतार रंगले होते, भाताची कापणी झालेली खाचरं पायऱ्यांसारखी खाली उतरत गेली होती. मी म्हटलं, "किती सुंदर आहे नाही?"

ती म्हणाली, "हो ना. त्या बांधावरून उडी मारता येईल आणि खाली डावीकडे वळायला मस्त जागा आहे."

एकाच खिडकीतून आम्ही दोन वेगळे डोंगर बघत होतो. मला ते फार मजेचं वाटलं. उरलेला घाट मी तिच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला आणि एका वळणावर समोरून आलेल्या एसटीने मला ताळ्यावर आणलं.

पाडा

आमचं घर होतं हिरामणभाऊंचं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणामातीचा गिलावा, पुढे मोठी पडवी. पडवीत एका बाजूला भाताच्या कणग्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांची मोटारसायकल उभी होती. हिरामणभाऊ साधारण माझ्याच वयाचे. भाताचं आणि नागलीचं, म्हणजे आपल्या नाचणीचं, आटोपलं की ते आणि त्यांची बायको मंजुळाताई दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जातात, होळीला परत येतात. या वर्षी शर्यतीमुळे त्यांनी जाणं आठवडाभर पुढे ढकललं होतं.

"कुठली शर्यत ती बघायची होती," हिरामणभाऊ म्हणाले. "इथं आमी पायानं जाताना घसरतो मॅडम, आन ही पोरं सायकल घेऊन जात्यात. एकदा डोळ्यांनी बघायचंय."

मंजुळाताईंना शर्यतीपेक्षा पोरांच्या पोटाची काळजी होती. ऋजू गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी तिच्या दंडाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला जेवाया देता का नाय?" मी चिवड्याचा डबा पुढे केला. त्यांनी तो उघडला, चिमूटभर तोंडात टाकला, आणि "चांगला हाय, पण ह्यानं काय व्हतंय" असं म्हणून चुलीकडे गेल्या. दोन दिवस माझं सगळं सामान पिशवीतच राहणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुपारी मुलं वाट बघायला गेली. मी म्हणत होते मार्ग, पण ती सगळी मुलं त्याला वाट म्हणतात. ती वाट पाड्यामागच्या खाचरांतून निघून सागाच्या रानात शिरत होती, तिथून ओहोळ ओलांडून टेकडीवर चढत होती आणि मुरमाच्या उतारावरून पुन्हा खाली येत होती. वळणांवर चुन्याची फक्की टाकलेली, झाडांना रंगीत फिती बांधलेल्या. अशा तीन फेऱ्या मारायच्या होत्या. मला वाटलं होतं मुलं येतील आणि भरधाव सुटतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. ती उतरून चालत गेली. एकेका वळणापाशी थांबून खडे पायाने सरकवून बघत होती, मुळांवर टाच दाबत होती, आपापसांत हळू बोलत होती. नवं घर भाड्याने घेताना आपण नळ सोडून बघतो, दारं लावून बघतो, तसं. मी गप्प राहून मागेमागे चालत होते आणि मला जाणवलं की हिला या जागेत काय काय दिसतं ते मला आजवर माहीतच नव्हतं, कारण मी सतत बोलत होते.

संध्याकाळी ऋजूने पडवीत सायकल उलटी उभी केली, साखळी पुसली, आणि खिशातून एक छोटं घड्याळासारखं यंत्र काढून चाकांतली हवा मोजली. थोडी सोडली. परत मोजली. अंगठ्याने चाक दाबलं आणि समाधानाने उठली. मी हे पाहिलं. पण पाहिलं म्हणजे कळलं असं नव्हे.

पालकांची शाळा

रात्रीच्या जेवणाआधी नेहाताईंनी सगळ्या पालकांना शाळेच्या ओट्यावर बोलावलं. चाळिशीच्या आतबाहेरची आम्ही सगळी माणसं मुलांच्या सतरंजीवर मांडी घालून बसलो. नेहाताई मुलांशी जितक्या गोड बोलतात तितक्या पालकांशी बोलत नाहीत.

"पहिली गोष्ट," त्या म्हणाल्या. "उद्या शर्यत सुरू झाल्यावर सायकलला कुणीही हात लावायचा नाही. साखळी पडली, पंक्चर झाली, तरी मूल स्वतः बघेल. तुम्ही हात लावलात की ते बाद. दुसरं, सकाळी नवीन काही खायला घालू नका. घरी जे खातं तेच. तिसरं, तुम्ही सूचना देऊ नका. 'डावीकडे', 'सावकाश', 'ब्रेक'." इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. "त्यांना वाट माहीत आहे, तुम्हाला नाही. फक्त नाव घ्या. ओरडायचंच असेल तर नाव ओरडा. आणि शेवटचं, मूल आल्यावर 'कितवी आलीस' हा पहिला प्रश्न नको."

"मग काय विचारायचं?" मी विचारलं.

"काय खाणार, ते विचारा."

माझ्या शेजारी मनमाडचे शेलार बसले होते. ते रेल्वेत आहेत. त्यांच्या मुलीची ही कितवी शर्यत ते त्यांनाच आठवत नव्हतं, इतके मुरलेले. त्यांच्याकडे घडीची खुर्ची, थर्मास, टोपी आणि पितळेची एक छोटी घंटा होती. घंटा कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाहेरच्या देशांत अशा शर्यतींना लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. ओरडायचं नाही, वाजवायचं. सूचनाही होत नाही आणि माझे हात पण कामात राहतात. बघा, नाहीतर मी पण फार बोलतो."

मला हे पटलं. रात्री अंथरुणं पडल्यावर मी हिरामणभाऊंना ही घंटेची गंमत सांगितली. ते हसले, उठून आत गेले आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात ती घुंगरमाळ घेऊन आले. जाड चामडी पट्टा, त्यावर लिंबाएवढे पितळी घुंगरू. हलवली तर सगळी पडवी वाजली.

"बाहेरच्या देशाची कशाला पायजे," ते म्हणाले. "आमच्या बैलाची घ्या. ऐकू येईल गुजरातपर्यंत."

ऋजूने अंथरुणातूनच कपाळाला हात लावला.

रविवार

सकाळी मला जाग आली तेव्हा मंजुळाताई नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या. मी माझे पोहे भिजवायला घेतले. नेहाताईंचा नियम मी त्यांना सांगितला, नवीन काही खायला घालायचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नवीन कुठं, ही तर जुनीच हाय. माझ्या सासूच्या सासूपासनं." पाड्यावर कुणाच्याही घरातून उपाशी माणूस बाहेर पडत नाही, आणि पाहुण्याने आपलंच आणलेलं खाणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. ऋजूला ते माझ्याआधी कळलं. तिने काळ्याकुळकुळीत भाकरीचा अर्धा भाग गुळाच्या खड्याबरोबर दुधात कुस्करून खाल्ला, वर उडदाच्या घट्ट डाळीची एक वाटी चाटून पुसून संपवली, आणि "काकू, ही रोज मिळाली तर मी डोंगर उचलेन" असं म्हणून मंजुळाताईंना जिंकून घेतलं. माझे पोहे शेवटी हिरामणभाऊंच्या कोंबड्यांना आवडले.

हे जेवण चालू असताना मी पडवीत आले तेव्हा हिरामणभाऊ पायपंपाने हवा भरत होते. मोटारसायकलला भरतायत असं मला वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर पंपाची नळी ऋजूच्या सायकलला लावलेली होती. तिच्या सायकलच्या ट्यूबचं तोंड मोटारसायकलसारखंच आहे, त्यामुळे पंप बसला होता.

"हवा लय कमी झालेली, मॅडम," ते म्हणाले. "मी दाबून बघितलं तर चाक आत जातंय. आता बघा, दगडावानी झाली."

मी चाक दाबलं. खरंच दगडासारखं होतं. मला कौतुक वाटलं. स्कूटरची हवा असो, दूधवाल्याची सायकल असो की रिक्षाचं चाक असो, आपल्याकडे हवा टाइट म्हणजे गाडी नीट. पंपावरचा माणूस विचारतो, "टाइट मारू?" आणि आपण म्हणतो, "मारा." लहानपणापासून मी हेच ऐकत आले. मी म्हटलं, "बरं झालं भाऊ, तुम्ही बघितलंत." आणि जेवणाची घाई आहे, निघायची वेळ झाली आहे, म्हणून ऋजूला आत जाऊन सांगायचं राहून गेलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

घरापासून शाळेपर्यंत डांबरी सडक होती. ऋजू सायकलवर बसली आणि सुसाट गेली. मागे वळून ओरडली, "आई, आज काय पळतेय ही!" मी आणि हिरामणभाऊंनी एकमेकांकडे अभिमानाने पाहिलं.

पाड्यावरची सगळी माणसं जमली होती. बाया डोक्यावर पदर घेऊन बांधावर, म्हातारे सागाच्या सावलीत, पोरं झाडांवर. तंग कपडे घातलेल्या शहरी मुलींकडे लोक टक लावून बघत होते आणि मुली लोकांकडे. एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, "हे जिंकल्यावर काय मिळतं?" मी म्हटलं, "गळ्यात घालायचा बिल्ला." त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "मग एवढं पडायचं कशापायी?"

मुलींची शर्यत आधी होती. शिट्टी झाली आणि मुली सुटल्या. खाचरांतून धूळ उडाली, सगळ्या रानात शिरल्या आणि आवाज बंद झाला. आम्ही पालक मुरमाच्या उताराच्या पायथ्याशी, ओहोळाजवळच्या वळणावर जाऊन उभे राहिलो. शेलारांनी खुर्ची मांडली. मी घुंगरमाळ दोन्ही हातांत धरून तोंड घट्ट मिटलं होतं. हिरामणभाऊ शेजारी.

पहिल्या फेरीला शेलारांची मुलगी खाली आली. चाक मुरमाला चिकटून आल्यासारखी, शांत. मग आणखी काही. मग ऋजू. ती येत नव्हती, ती उडत होती. प्रत्येक दगडावर सायकल चेंडूसारखी उसळत होती, मागचं चाक वळणावर एकदम बाहेर फेकलं गेलं, तिने पाय टेकवला, सावरलं, गेली. तिचा चेहरा मला दिसला. गोंधळलेला होता.

"अशी काय उसळतेय?" शेलार म्हणाले. "हवा जास्त झालीय वाटतं. या पोरी हवा कमी ठेवतात ना. चाक दाबलं की अंगठा थोडा आत जायला हवा, मग ते जमिनीला धरून राहतं. कडक चाक डांबरावर पळतं आणि मुरमावर नाचतं."

माझ्या हातातली घुंगरमाळ आपोआप वाजली. हिरामणभाऊंनी ऐकलं होतं. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

पुढची फेरी येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. दोनच शब्द होते. "हवा सोड." कुठलीही आई ओरडली असती. नियमात ते बसतं की नाही, याचा मी विचार केला. हात लावायचा नाही एवढाच खरा नियम होता, सूचना देऊ नका ही नेहाताईंची विनंती होती. पण माझ्यासमोर नियम नव्हता, स्वयंपाकघरातली शप्पथ होती. मी बोलले आणि ती सावरली, तर ती सावरली माझ्यामुळे, आणि पुढच्या वेळी जीप. मी बोलले नाही आणि ती पडली तर? या आधी मी बोलले होते तेव्हाही ती पडली होती. मला काही म्हणजे काही ठरवता येईना. गणितात दोन्ही बाजूंनी सोडवून बघता येतं, इथे एकदाच सोडवायचं होतं.

ती आली. उतारावरून उसळत, दात आवळून. मी तोंड उघडलं. "ऋजूऽऽ!" एवढंच बाहेर पडलं. आणि बाकी सगळं मी घुंगरमाळेत घातलं. अशी वाजवली, अशी वाजवली की वरच्या बांधावरची एक शेळी दावं तोडून पळाली.

ऋजूने वळण घेतलं, चाक निसटलं आणि ती ओहोळाकाठी एका अंगावर आपटली.

मी पुढे धावले आणि तिथेच थांबले, कारण हिरामणभाऊ माझ्याही पुढे धावले होते आणि मी त्यांचा हात धरला. "भाऊ, हात लावायचा नाही. बाद होईल." ते थांबले. आम्ही दोघं एकमेकांना धरून उभे राहिलो.

ऋजू उठली. कोपर सोलवटलं होतं. सायकल उचलली, हँडल सरळ केलं, आणि मग तिने अंगठ्याने पुढचं चाक दाबलं. थांबली. पुन्हा दाबलं. मागचं दाबलं. मान वर करून तिने सगळीकडे पाहिलं, जणू विचारतेय की हे कुणी केलं. मग एका गुडघ्यावर बसून तिने हवा सोडायला घेतली. फुस्स आवाज आमच्यापर्यंत आला. दोन मुली तिच्या शेजारून पुढे निघून गेल्या. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. थोडी सोडली, दाबून पाहिलं, अजून थोडी सोडली, दुसरं चाक, पुन्हा अंगठा. आदल्या संध्याकाळी पडवीत करत होती तेवढ्याच शांतपणे.

तिसऱ्या फेरीला ती त्याच उतारावरून पाण्यासारखी खाली आली. वळणावर चाक जमिनीला धरून राहिलं. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा हसत होती. मी रडत होते, आणि घुंगरमाळ वाजवत होते.

ती कितवी आली ते मी विचारलं नाही. खूप मागे होती ते दिसतच होतं. मी विचारलं, "काय खाणार?"

"पाणी," ती म्हणाली. "आणि हवा कुणी भरली?"

हिरामणभाऊ पुढे झाले. पागोटं अजून हातातच होतं. "मी भरली, ताई," ते माझ्याकडे बघून म्हणाले. दोन दिवस मॅडम होते ती तेव्हा ताई झाले. "कमी दिसली म्हणून भरली. पोर माझ्यामुळं पडली."

ऋजू त्यांच्याकडे वळली. मला धाकधूक वाटली, कारण रागावली की ती कुणालाही सोडत नाही. मग ती म्हणाली, "काका, पण डांबरी रस्त्यावर कसली पळाली ना ती!" आणि तिने त्यांचा अंगठा धरून चाकावर दाबून दाखवला, एवढा आत जायला हवा.

हिरामणभाऊंनी दोनतीनदा दाबून पाहिलं. चेहरा जरा मोकळा झाला. "मग मी माझ्या मोटारसायकलची पण अशीच ठेवू का?"

"नको नको," ऋजू घाबरून म्हणाली. "तिची तुम्ही टाइटच भरा."

परत

निघताना मंजुळाताईंनी नागलीचं पीठ बांधून दिलं. मी घुंगरमाळ परत द्यायला गेले तर हिरामणभाऊ घेईनात. "पोळ्याला अजून लय दिस हायेत. तवर ठेवा. परत आणायला या," ते म्हणाले. आमच्याकडे वस्तू परत देताना भांड्यात काहीतरी घालून देतात. इथे वस्तूच ठेवून घ्यायला लावतात, म्हणजे माणसाला यावंच लागतं. मला ही रीत आवडली.

करंजाळीजवळ आम्ही चहाला थांबलो. ऋजूच्या कोपराला मी आणलेली हळद लागली होती, एवढं एक सामान माझं कामी आलं. ती बिस्कीट बुडवत म्हणाली, "आई, तुला कळलं होतं का? हवा कडक आहे ते?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पहिल्या फेरीनंतर कळलं. शेलार बोलले."

"आणि दुसऱ्या फेरीला मी समोरून गेले तेव्हा तू नुसती घुंगरमाळ वाजवत होतीस?"

"तूच म्हणालीस, एक शब्दही नाही."

तिचं बिस्कीट चहात तुटून पडलं. ती इतकी हसली की टपरीवाला वळून बघायला लागला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई," ती म्हणाली, "एवढं सांगायचं असतं गं."

"मग कुठलं सांगायचं आणि कुठलं नाही, मला कसं कळणार?"

ती चहात बुडालेलं बिस्कीट चमच्याने काढत बसली. तिलाही ते माहीत नसावं. गाडीत बसल्यावर, घाट उतरताना, तिने खिशातून ते हवा मोजायचं छोटं यंत्र काढलं, माझी पर्स उघडली, बँडेज आणि मोजे बाजूला सारून ते आत ठेवलं आणि चेन लावली.

"हे काय?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी सकाळी चाकं तू बघ. मला कुणी ना कुणी जेवायला बसवणारच."

मी गाडीचा वेग कमी केला. "पुढच्या वेळी मी येणार आहे?"

"मग चाकं कोण बघणार?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर, पिवळ्या उतारावरची आपली वाट शोधायला लागली.